चालल्याने गुडघा आणखी झिजतो?

‘गुडघा झिजलाय, आता चालणं बंद करा’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो चुकीचा आहे. कूर्चेत (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थरात) रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो-सुटतो, तसं वंगणद्रवातलं पोषण तिच्यात मुरतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणंही कमी होतं. डेन्मार्कमधल्या २०१५ च्या चाचणीत शस्त्रक्रियेला पात्र ५० जणांना आधी व्यायाम, आहार, औषधं असे उपचार दिले. वर्षभरात १३ जणांनीच गुडघा बदलून घेतला. (ज्या दुसऱ्या गटाचा गुडघा आधीच बदलला, त्यांना आराम जास्त पडला, हेही खरं, गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त.) आणि ‘स्टेम सेलने (मूळपेशींच्या इंजेक्शनने) कूर्चा परत उगवते’ ही जाहिरात? अमेरिकेतल्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत तीन प्रकारची पेशी-इंजेक्शनं वर्षअखेरीस साध्या स्टेरॉइडच्या (सूज कमी करणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाहीत.