एआर वाळूपेटी

एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे खऱ्या वस्तूवर संगणकाचे चित्र चढवणे) वाळूपेटी हे विज्ञान संग्रहालयांत आढळणारे, थेट हात घालून खेळायचे प्रदर्शन आहे. पेटीत खरी वाळू असते. वर टांगलेला खोलीमापक कॅमेरा तिच्या पृष्ठभागाची उंची सतत मोजतो आणि शेजारचा प्रोजेक्टर त्याच वाळूवर उंचीनुसार रंग व समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) पाडतो. खड्डा निळा, उतार हिरवा-पिवळा, माथा तपकिरी किंवा पांढरा. वाळू हलली की नकाशाही हलतो. चष्मा, फोन, टॅबलेट काही लागत नाही, म्हणून अनेकांना एकाच वेळी खेळता येते.

मातीवर प्रकाशचित्र पाडण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ‘इल्युमिनेटिंग क्ले’ या प्रकल्पात २००२ सालीच मातीची प्रतिकृती लेसरने मोजून तिच्यावर विश्लेषणाचे चित्र टाकले जाई. अडचण होती ती मोजमापाच्या महागड्या साधनाची. नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी कायनेक्ट आणले आणि खोली मोजणारा कॅमेरा खेळण्याच्या दुकानात मिळू लागला. चेक प्रजासत्ताकातील काही संशोधकांनी तो वापरून वाळूवर रंग व समोच्च रेषा दाखवणारा नमुना केला. तो पाहून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत ऑलिव्हर क्रेलॉस यांनी २०१२ मध्ये वाहत्या पाण्यासह संपूर्ण प्रणाली तयार केली. सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत आहे आणि ते लिनक्सवर चालते. त्यामुळे असंख्य संग्रहालयांनी व शाळांनी पेट्या स्वतःच बांधल्या.

पेटीचे माप मनाचे ठरवून चालत नाही. पहिल्या पिढीचा कायनेक्ट सुमारे ५७ अंश आडवे आणि ४३ अंश उभे पाहतो. एक मीटर उंचीवरून त्याच्या नजरेत साधारण १०० बाय ७५ सेंटिमीटर जागा मावते, आणि पेटीचे रूढ मापही हेच आहे. सोपा नियम असा, की पेटीची लांबी तेवढीच सेन्सरची उंची. पेटी मोठी करून सेन्सर आणखी वर नेला, तर उंचीतील चूक अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि समोच्च रेषा वळवळू लागतात. प्रोजेक्टर कमी अंतरावरून मोठे चित्र पाडणारा आणि ४:३ प्रमाणाचा हवा. रुंद पडद्याचा घेतला तर कडेचे चित्र वाया जाते. वाळू १० सेंटिमीटर खोल भरण्यासाठी ९० ते ११० किलो लागते. ती बारीक व पांढरी असावी. काळपट वाळू रंग गिळून टाकते.

खरी परीक्षा कॅलिब्रेशनची, म्हणजे कॅमेऱ्याचे मोजमाप आणि प्रोजेक्टरचे चित्र एकमेकांशी जुळवण्याची. आधी वाळू सपाट करून शून्य पातळी नोंदवायची, मग पेटीचे चार कोपरे. त्यानंतर जुन्या सीडीवर पांढरा कागद चिकटवून त्यावर मधोमध फुली काढायची. प्रोजेक्टर पेटीत एकेक फुली दाखवतो. तिच्यावर चकतीची फुली बसवून बिंदू टिपायचा, असे बारा बिंदू. चकतीला तारेची मूठ असावी, म्हणजे हात कॅमेऱ्याच्या आड येत नाही. हमखास होणारी चूक म्हणजे सगळे बिंदू एकाच उंचीवर घेणे. मग गणिताला उंचीचा अंदाजच येत नाही: सपाट वाळूवर नकाशा बरोबर बसतो, पण डोंगर केला की त्याचा पांढरा माथा शेजारच्या उतारावर पडतो. काही बिंदू वाळूलगत, काही वीतभर वर घ्यावेत. प्रोजेक्टरमधील कीस्टोन दुरुस्ती (तिरके पडलेले चित्र आपोआप चौकोनी करण्याची सोय) बंद ठेवावी; तिरकेपणा कॅलिब्रेशनच सांभाळते.

हात वाळूत असताना हाताचाच डोंगर का होत नाही? कारण उंचीचा नवा आकडा कॅमेऱ्याच्या सुमारे ३० फ्रेम, म्हणजे एक सेकंदभर स्थिर राहिल्याशिवाय स्वीकारला जात नाही. खड्डा निळा व्हायला म्हणूनच क्षणभर लागतो. हा विलंब बिघाड समजून कमी केला, तर सगळा नकाशा थरथरतो.

पाऊस पाडायचा तर बोटे पसरून पंजा वाळूच्या वर धरायचा. ठरवलेल्या उंचीच्या पट्ट्यात वस्तू दिसली की तिच्याखाली पाणी सुटते. (पट्टा चुकीचा ठरवला तर वाकून पाहणाऱ्याच्या डोक्याखालीही पाऊस पडतो, आणि मुलांना तेच जास्त आवडते.) हे पाणी आधी तयार केलेली चित्रफीत नसते. उथळ प्रवाहाची सेंट-व्हेनंट समीकरणे संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर त्या-त्या क्षणी सोडवली जातात. बांधाला बोटाने खाच पाडली की पाणी तिथूनच फुटते. डोंगराच्या धारेच्या दोन बाजूंना वेगळे ओहोळ निघतात आणि जलविभाजक म्हणजे काय ते न सांगता कळते. कार्ड कमकुवत असेल तर ठराविक वेळात गणिताच्या पुरेशा पायऱ्या होत नाहीत आणि पाणी घट्ट तेलासारखे सरकते.

बाकीचे बिघाड साधे असतात. नकाशा बोटभर सरकलेला दिसला, तर बहुधा सांगाड्याला कोणाचा तरी धक्का लागलेला असतो. जागोजागी भोके दिसली, तर कायनेक्ट अंतर मोजण्यासाठी टाकतो ते न दिसणारे अवरक्त ठिपके उन्हात बुडालेले असतात. पेटी खिडकीपासून दूर हवी. वाळू कोरडी पडली की धूळ उडते आणि भिंगावर बसते, म्हणून तिच्यावर पाणी फवारावे, पण चिखल होईल इतके नाही. वाळू बाह्या आणि चपलांबरोबर रोज थोडी बाहेरही जाते. पातळी उतरली की सपाट पृष्ठभागही समुद्रासारखा निळा दिसतो. पुन्हा कॅलिब्रेशन करत बसण्यापेक्षा पेटीच्या आतल्या भिंतीवर रेघ मारून ठेवावी आणि तिथपर्यंत वाळू भरावी.