व्हर्च्युअल मशीनमधील प्रोसेसर-वेळेचा हिशेब

एकाच प्रत्यक्ष संगणकावर, म्हणजे होस्टवर, हायपरव्हायझर या यंत्र वाटून देणाऱ्या प्रोग्रामच्या आधाराने अनेक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये शेजारी शेजारी चालत असतात. त्यांपैकी प्रत्येकीत कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) प्रोसेसर किती काळ वापरला, किती काळ तो रिकामा होता आणि किती काळ तो हवा असूनही मिळाला नाही, हे मोजून नोंदवण्याच्या पद्धतींचा विचार या विषयात होतो. वापरलेला आणि रिकामा वेळ कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमला पूर्वीपासून मोजावा लागतच होता. हवा असूनही न मिळालेला वेळ मात्र व्हर्च्युअलायझेशनमुळेच निर्माण होतो. त्याला स्टील टाइम म्हणतात आणि या विषयातील खरी अडचण त्याच्याभोवतीच आहे. व्हर्च्युअल मशीनमधील सिस्टिमला, म्हणजे गेस्टला, हा वेळ स्वतःच्या बळावर मोजता येत नाही, कारण तो जात असताना ती चालूच नसते. त्यामुळे ही मोजणी हार्डवेअरच्या किंवा हायपरव्हायझरच्या साक्षीवरच अवलंबून राहते.

प्रोसेसर-वेळ मोजण्याची जुनी पद्धत नमुना घेण्याची आहे. ठरावीक अंतराने टाइमर इंटरप्ट (घड्याळाचा व्यत्यय-संकेत) येतो, त्या क्षणी जी प्रोसेस चालू असेल तिच्या खात्यावर पूर्ण एक टिक, म्हणजे दोन संकेतांमधला सगळा काळ, लिहिला जातो, आणि प्रोसेसर त्या वेळी यूझर मोडमध्ये (प्रोग्रामचे स्वतःचे काम करत) होता की कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात), यावरून तो टिक कोणत्या सदरात टाकायचा हे ठरते. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवरील लिनक्स २.४ मध्ये सेकंदाला १०० टिक होत, २.६ मध्ये ते १००० झाले, आणि २.६.१३ पासून ही संख्या कर्नल बांधताना निवडता येऊ लागली व नेहमीची निवड २५० ठरली. म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या अंतरात दहा प्रोसेस येऊन गेल्या, तरी भार एकीवरच पडतो. दीर्घकाळात ही चूक सरासरीत विरून जाईल, असे गृहीत धरलेले असते, आणि प्रोसेसचे वेळापत्रक टिकच्या वेळापत्रकाशी जुळलेले नसेल तर ते बहुतेक खरेही ठरते. परंतु हजेरीच्या जरा आधी बाहेर पडून हजेरी झाल्याबरोबर परत येणाऱ्या माणसाप्रमाणे एखादा प्रोग्राम प्रत्येक टिकच्या आधी झोपी गेला, तर त्याच्या नावावर जवळजवळ काहीच लागत नाही. डॅन त्साफ्रिर, योआव एत्सियन आणि ड्रोर फायटेलसन यांनी २००७ मध्ये हे प्रत्यक्ष दाखवून दिले, आणि त्यासाठी प्रशासकाचे कोणतेही विशेषाधिकार लागत नाहीत हेही सिद्ध केले.

व्हर्च्युअल मशीनमध्ये ही चूक यदृच्छेची राहत नाही, ती पद्धतीतच मुरते. गेस्ट ज्याला प्रोसेसर समजते तो व्हर्च्युअल प्रोसेसर होस्टच्या दृष्टीने इतरांसारखाच एक थ्रेड (स्वतंत्रपणे चालवता येणारा कामाचा धागा) असतो, आणि होस्टचा शेड्यूलर, म्हणजे कोणी कधी चालायचे हे ठरवणारा भाग, त्याला हव्या त्या क्षणी बाजूला काढू शकतो. समजा, गेस्टमधील एक प्रोसेस २ मिलिसेकंद चालली, तेवढ्यात होस्टने तो व्हर्च्युअल प्रोसेसर उतरवून ३० मिलिसेकंद दुसऱ्याच मशीनला काम दिले, आणि नंतर त्याला पुन्हा चढवले. गेस्टमधील कोणतीही इन्स्ट्रक्शन या ३० मिलिसेकंदांत चाललेली नाही, पण एक्स८६ प्रोसेसरमधील टाइम स्टॅम्प काउंटर त्या काळातही पुढे सरकत राहिलेला आहे. गेस्टने दोन वाचनांतील फरक काढला की उत्तर ३२ येते आणि ते सगळे त्या एका प्रोसेसच्या खात्यावर जाते. नुकसान चुकीच्या आकड्यापुरते मर्यादित राहत नाही. लिनक्सचा शेड्यूलर प्रत्येक प्रोसेसला तिच्या वापराच्या प्रमाणात मागे ढकलत असल्यामुळे, न मिळालेल्या वेळेची शिक्षाही याच प्रोसेसला भोगावी लागते. टिकवर चालणाऱ्या गेस्टमध्ये चित्र आणखी निराळे दिसते. होस्टने राहून गेलेले टाइमर इंटरप्ट नंतर घाईघाईने एकामागून एक पोहोचवले, तर भिंतीवरचे घड्याळ बरोबर येते, पण थकलेले सगळे टिक त्या घटकेला जी प्रोसेस चालू असेल तिच्या माथी बसतात.

या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये सापडते, आणि त्यात आश्चर्य नाही. सिस्टम/३६० मॉडेल ६७ वरील सीपी-६७ पासून, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० पासून तर व्यापारी पातळीवर, तेथे व्हर्च्युअल मशीन हा रोजच्या कामाचा भाग होता. यंत्राचा वेळ ग्राहकांना आकारला जात असल्यामुळे हिशेब चोख असणे भाग होते. या परंपरेतील यंत्रांत दोन वेगळी घड्याळे असतात. एक टाइम-ऑफ-डे घड्याळ, जे कोणीही चालो वा न चालो, सतत पुढे जाते. दुसरा सीपीयू टाइमर, जो उलटा मोजत खाली येतो आणि गेस्टच्या बाबतीत त्याचा व्हर्च्युअल प्रोसेसर खऱ्या प्रोसेसरवर चढलेला असतानाच सरकतो. दोन्हींची गती एकच असल्यामुळे वजाबाकी सरळ होते. समजा, कर्नलमध्ये शिरण्याच्या दोन लागोपाठच्या क्षणांदरम्यान टाइम-ऑफ-डे घड्याळ १००० मायक्रोसेकंद पुढे गेले आणि सीपीयू टाइमर ६४० मायक्रोसेकंदच खाली आला. व्हर्च्युअल प्रोसेसर स्वतःहून थांबलेला नसेल, तर उरलेले ३६० मायक्रोसेकंद इतरत्र गेले. येथे हायपरव्हायझरला काही विचारावे लागत नाही, हार्डवेअरच साक्ष देते.

आयबीएमच्या जर्मनीतील अभियंत्यांपैकी मार्टिन श्विडेफ्स्की यांनी हीच कल्पना लिनक्समध्ये उतरवली आणि ती २००५ मधील २.६.११ या आवृत्तीत आली. त्यांच्या रचनेत टिकची वाट पाहिली जात नाही. यूझर मोडमधून कर्नलमध्ये येताना, परत जाताना, हार्ड इंटरप्ट व सॉफ्ट इंटरप्टच्या सीमांवर आणि प्रोसेस बदलताना टाइमर वाचला जातो आणि मधला काळ त्याच क्षणी योग्य सदरात टाकला जातो. त्यासाठी प्रत्येक सीमेवर दोन-चार इन्स्ट्रक्शन जास्त खर्ची पडतात. ज्या यंत्रावर टाइमर वाचणे स्वस्त आहे तेथे ही किंमत नगण्य ठरते. एक्स८६ वर मात्र ती सर्वांनी मोजावी असे कर्नलच्या विकासकांना वाटले नाही, म्हणून तेथे नेमकी मोजणी हा ऐच्छिक पर्याय राहिला. स्टील हे स्वतंत्र सदर याच आवृत्तीपासून लिनक्सच्या आकडेवारीत कायमचे आले.

आयबीएमच्याच पॉवर मालिकेने वेगळा मुद्दा हाती घेतला. एका कोरवर दोन किंवा अधिक हार्डवेअर थ्रेड एकत्र चालतात तेव्हा प्रत्येकाने घड्याळानुसार पूर्ण वेळ वापरला असे म्हणणे फसवे असते, कारण कोरची साधने ते वाटून घेत असतात. २००४ मध्ये आलेल्या पॉवर५ मध्ये पर (PURR) या रजिस्टरची, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागेची, सोय झाली. ते कोरची चक्रे थ्रेडमध्ये त्यांच्या प्रत्यक्ष वापराच्या प्रमाणात विभागते. पॉवर६ मधील स्पर (SPURR) या रजिस्टरने बदलत्या फ्रिक्वेन्सीचाही हिशेब त्यात धरला.

एक्स८६ वर असे टाइमर नसल्यामुळे साक्ष हायपरव्हायझरला द्यावी लागते. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेन या हायपरव्हायझरने प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरसाठी चार अवस्थांची नोंदवही ठेवली: चालू, चालण्यास तयार पण थांबलेला, स्वतःहून थांबलेला आणि बंद. या चारही अवस्थांत गेलेला काळ गेस्टशी वाटून घेतलेल्या मेमरीत लिहिला जातो, आणि त्यांपैकी दुसऱ्या अवस्थेचा काळ हा स्टीलचा मुख्य भाग असतो. लिनक्समधील केव्हीएम या हायपरव्हायझरमध्ये ही सोय ग्लॉबर कोस्टा यांच्या कामातून २०११ मध्ये लिनक्स ३.१ सोबत आली, आणि तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. गेस्ट सुरू होताना प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरसाठी ६४ बाइटचा एक तुकडा राखून ठेवतो आणि त्याचा पत्ता एका विशिष्ट मॉडेल-स्पेसिफिक रजिस्टरमध्ये लिहितो. या रजिस्टरच्या क्रमांकातील पहिली तीन बाइट म्हणजे के, व्ही आणि एम या अक्षरांचे आस्की संकेत आहेत. त्या तुकड्यात नॅनोसेकंदांत वाढत जाणारा एक ६४-बिटी आकडा असतो आणि शेजारी एक आवृत्ती-क्रमांक असतो. होस्ट आकडा बदलण्याआधी हा क्रमांक विषम करतो आणि बदलून झाल्यावर पुन्हा सम करतो. गेस्ट आधी क्रमांक वाचतो, मग आकडा, मग पुन्हा क्रमांक, आणि क्रमांक विषम निघाला किंवा दोन वेळा वेगळा आला तर सगळे वाचन पुन्हा करतो. कुठेही कुलूप लावावे लागत नाही आणि हायपरव्हायझरला हाकही मारावी लागत नाही. होस्टकडे हा आकडा नव्याने मोजावा लागत नाही, कारण लिनक्सचा शेड्यूलर कोणताही थ्रेड रांगेत किती काळ ताटकळला हे एरवीही नोंदवतच असतो, आणि केव्हीएम व्हर्च्युअल प्रोसेसरच्या थ्रेडची तीच नोंद गेस्टच्या मेमरीत उतरवते. पुढे याच तुकड्यात व्हर्च्युअल प्रोसेसर सध्या उतरवलेला आहे की नाही, हे सांगणारे एक बाइटही आले. त्यामुळे स्पिनलॉकसाठी (जागच्या जागी फिरत राहून वाट पाहण्याच्या कुलुपासाठी) थांबलेल्या प्रोसेसरला, लॉक धरणारा चालूच नसेल तर फिरत बसण्यात अर्थ नाही, हे कळू शकते. ६४-बिटी आर्म प्रोसेसरसाठी अशीच सोय लिनक्स ५.५ मध्ये, २०२० साली आली.

मिळालेली साक्ष दोन ठिकाणी वापरली जाते. पहिले ठिकाण शेड्यूलरचे आहे. प्रोसेसच्या खात्यावर वेळ लिहिण्यापूर्वी त्यातून स्टील वजा केला जातो आणि वर सांगितलेली अन्याय्य शिक्षा टळते. दुसरे ठिकाण आकडेवारीचे आहे. कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक फाइलसिस्टममधील स्टॅट या फाइलीच्या पहिल्या ओळीत 'सीपीयू' या शब्दानंतर येणारा आठवा आकडा स्टीलचा असतो, तो सामान्यतः सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलेला असतो, आणि टॉप या प्रोग्राममध्ये त्याची टक्केवारी 'एसटी' या अक्षरांपुढे दिसते. नववा आणि दहावा आकडा याच्या उलट बाजूचा आहे. यंत्र स्वतः होस्ट असेल तर त्याने गेस्ट चालवण्यात घालवलेला वेळ तेथे असतो. हे दोन्ही आकडे यूझर आणि नाइस (कमी अग्रक्रमाच्या प्रोसेसचा वेळ) या सदरांत आधीच धरलेले असतात. एकूण वेळ काढताना सर्व दहा आकड्यांची बेरीज केली, तर तोच वेळ दोनदा मोजला जातो.

आठव्या आकड्याचा अर्थ लावताना घाई करू नये. मोठा स्टील पाहिला की होस्टवर गर्दी झाली आहे असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात. गर्दी हे एक कारण असते, पण एकमेव नव्हे. मशीनला ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रोसेसर-वेळ हवा असेल आणि होस्ट ती मर्यादा कसून पाळत असेल, तर होस्ट मोकळा असतानाही स्टील वाढतो. साठवलेल्या क्रेडिटवर चालणाऱ्या स्वस्त क्लाउड मशीनवर क्रेडिट संपल्यानंतर हाच अनुभव येतो. अशा वेळी शेजाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नसतो, मोठे मशीन घेणे हाच उपाय असतो. आकडा दोन्ही वेळी सारखाच दिसत असल्यामुळे, निदान करणाऱ्याला मशीनची मर्यादा किती आहे हे आधी माहीत असावे लागते.

उलट, स्टील शून्य असणे ही सर्व काही आलबेल असल्याची खूण नाही. ज्या मशीनला प्रोसेसर हवाच नाही, त्याची वाट पाहण्याची वेळ येत नाही, म्हणून रिकामे मशीन खचाखच भरलेल्या होस्टवरही शून्यच दाखवते. एकाच कोरवरील दुसऱ्या हार्डवेअर थ्रेडवर परके मशीन चालू असेल, तर आपले काम मंदावते, पण आपला थ्रेड रांगेत नसल्यामुळे त्याची नोंद होत नाही. केव्हीएममध्ये गेस्टच्या एखाद्या विनंतीमुळे हायपरव्हायझरमध्ये जावे लागले, तर तेथे गेलेला काळही स्टीलमध्ये येत नाही, कारण होस्टच्या दृष्टीने व्हर्च्युअल प्रोसेसरचाच थ्रेड त्या वेळी काम करत असतो. गेस्टला तो स्वतःचाच वेळ वाटतो. त्यामुळे दोन वेगळ्या हायपरव्हायझरवरील स्टीलच्या टक्केवारीची थेट तुलना करू नये. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये प्रशासकाला यासाठी रेडी टाइम (चालण्यास तयार असूनही थांबावे लागलेला वेळ) पाहण्याची सवय असते, आणि तो आकडा होस्टवरून घेतलेला असल्यामुळे त्याच्याशी गेस्टमधील नोंदी ताडून पाहाव्या लागतात.

हिशेब बिघडण्याचा एक जुना प्रकार लाइव्ह मायग्रेशनशी जोडलेला आहे. चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवले की नव्या होस्टवरील मोजणी शून्यापासून सुरू होऊ शकते. गेस्टकडे जुना मोठा आकडा असतो, नवा आकडा त्याहून लहान येतो, आणि चिन्हरहित, म्हणजे ऋण संख्या न मानणाऱ्या, वजाबाकीत उत्तर अवाढव्य निघते. झेनवरील लिनक्स गेस्टमध्ये हा दोष प्रत्यक्ष आढळला होता. त्यावर, मायग्रेशनपूर्वीचे आकडे जपून नंतरच्या आकड्यांत मिळवण्याची दुरुस्ती कर्नलमध्ये करण्यात आली.

हायपरव्हायझर स्वतः नमुना घेऊन मोजत असेल, तर टिकमधील जुनी पळवाट एक पायरी वर पुन्हा उघडते. झेनचा क्रेडिट शेड्यूलर दर १० मिलिसेकंदांनी पाहून त्या क्षणी चालू असलेल्या व्हर्च्युअल प्रोसेसरचे क्रेडिट कापत असे. प्रत्येक तपासणीच्या थोडे आधी प्रोसेसर सोडणारे मशीन खऱ्या कोरचा बहुतेक सगळा वेळ वापरूनही हिशेबात निर्दोष राहू शकते, हे नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवले. पैसे वेळेनुसार आकारले जात असलेल्या ठिकाणी याचा भुर्दंड शेजारच्या ग्राहकाला बसतो. प्रत्येक बदलाच्या क्षणी नेमका वेळ नोंदवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

एका व्हर्च्युअल मशीनच्या आत दुसरे चालवले की आतल्या मशीनला आपल्या लगतच्या हायपरव्हायझरची साक्ष मिळते. त्या हायपरव्हायझरचाच वेळ बाहेरच्या होस्टने घेतला असेल, तर तो आतल्या मशीनच्या स्टीलमध्ये आपोआप मिळवला जाईल याची हमी नसते. एएमडीच्या सेव्ह (SEV) सारख्या, मेमरी एन्क्रिप्ट करणाऱ्या व्यवस्थेत अडचण वेगळी आहे. तेथे गेस्टचा हायपरव्हायझरवर विश्वास नाही हेच गृहीत धरलेले असते, पण स्टीलचा आकडा तर त्यानेच लिहायचा असतो. म्हणून लिनक्स गेस्ट सुरुवातीलाच आपल्या एन्क्रिप्ट केलेल्या मेमरीतून हा तुकडा वेगळा काढून होस्टला वाचता-लिहिता येईल असा उघडा ठेवतो. अशा मशीनला प्रोसेसरकडून विश्वासार्ह घड्याळ मिळू शकते, आणि होस्ट किती वाजले याबाबत त्याला फसवू शकत नाही. आपला वेळ किती गेला, याचा आकडा मात्र अजूनही त्याच होस्टच्या हातून येतो.