हाडात उतरलेलं दुखणं सोसायचं नसतं

माझी मावशी लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची, ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झालेली आणि एक दिवस तिची कंबर धरली. वय झालंय, जिने चढते, असं आम्हीच ठरवलं आणि बाम, गरम पाण्याची पिशवी यात तीन महिने गेले. ती दिवसा कामात असायची पण रात्री कूस बदलताना खाटेची पट्टी घट्ट धरून कण्हायची, आणि तेच आम्हाला खटकायला हवं होतं. साधी कंबरदुखी बहुतेकदा आडवं पडलं की हलकी होते, हाडात उतरलेल्या कॅन्सरचा ठणका झोपू देत नाही.

ब्रेस्ट कॅन्सर हाडातच का जातो? 1889 मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी या आजाराने गेलेल्या 735 बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहिल्या आणि सांगितलं की कॅन्सरची पेशी म्हणजे बी, ते कुठेही पडतं पण रुजतं मानवेल त्याच मातीत. हाड ही तशी माती.

हाड आतून जिवंत असतं, चाळीचं रिपेअरिंग चालतं तसं तिथे जुनं फोडणाऱ्या पेशी आणि नवीन भरणाऱ्या पेशी कायम कामाला असतात. कॅन्सर फोडणाऱ्या पेशींना भडकवतो, हाड झिजतं, झिजताना हाडात साठलेली वाढीची रसायनं बाहेर पडतात आणि ती परत कॅन्सरलाच खाऊ घालतात. त्यात हाड फोडणाऱ्या या पेशी ते विरघळवायला ॲसिड सोडतात, ते नसांना झोंबतं, म्हणून नुसत्या साध्या पेनकिलरने अनेकदा भागत नाही.

उपाय मात्र आहेत आणि चांगले आहेत. पहिला रेडिएशन, ज्याला पेशंट लाईट म्हणतात. हाड मोडलेलं नसेल, मणक्यातल्या नसेवर दाब नसेल तर 8 ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) एकच डोस दुखणं कमी करायला दहा दिवसांच्या लाईटइतकाच उपयोगी पडतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. साधारण दहातल्या सहा जणांना आराम पडतो, पुढे दुखणं परतलं तर लाईट पुन्हा देता येते. कसाऱ्याहून लोकलने परळला येणाऱ्या बाईला एक खेप आणि दहा खेपा यात किती फरक पडतो ते तिच्या घरच्यांनाच विचारा, म्हणून डॉक्टरांना हे स्पष्ट विचारायचं. पहिले दोन-तीन दिवस ठणका वाढू शकतो, घाबरू नका, पूर्ण आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात. मावशी तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच तास झोपली, आम्ही सगळे मात्र जागे होतो.

दुसरं, झोलेड्रोनिक ॲसिड, 4 मिलिग्रॅम, सलाईनमधून पंधरा मिनिटांत. हे हाड फोडणाऱ्या पेशींना आवरतं, फ्रॅक्चरचा धोका कमी करतं. महिन्याला द्यायचे, आता बऱ्याच जणांना दर 12 आठवड्यांनी दिलं तरी चालतं. त्याआधी दाताच्या डॉक्टरला दाखवायचंच, कारण या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड खराब होऊ शकतं. किडनीची टेस्ट, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी हेही बघतात.

तिसरं, मॉर्फिन, म्हणजे जोरदार पेनकिलर. त्याचं नाव काढलं की घरात रडारड होते, जणू शेवट आला. असं नाहीये हो. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही, त्याची साधी, लवकर असर करणारी गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची, कळ यायची वाट बघायची नाही. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच, मळमळ आणि गुंगी बहुतेकांना काही दिवसांत कमी होते.

आणि पाठदुखीसोबत पायातली ताकद गेली, मुंग्या यायला लागल्या, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका, मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो, त्याच दिवशी, रात्र असली तरी, कॅज्युअल्टीत घेऊन जा आणि आधीच्या कॅन्सरची फाईल हातात ठेवा.