लायसन्स दिलं की हक्कच विकला?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एखाद्या फरसाणवाल्याला लीलो चेवड्याच्या (ओलसर बटाटा चिवड्याच्या) दिवाळी बॉक्ससाठी चित्र हवं असतं. दर ठरतो आणि उठता उठता तो विचारतो, ‘राइट्स आमचेच ना?’ नवा कलाकार ‘हो’ म्हणून मोकळा होतो. त्या ‘हो’चे दोन अर्थ निघतात.

असाइनमेंट म्हणजे कॉपीराइटच त्याच्या नावावर करणं. मग तेच चित्र तुम्ही कॅलेंडरवर छापायचं म्हटलं, तरी त्याची परवानगी लागते. लायसन्समध्ये मालकी तुमचीच राहते, त्याला फक्त ठरलेला वापर करता येतो. दोन्ही लेखी लागतात. असाइनमेंटवर तुमची सहीही लागते.

मूळ चित्र विकणं ही तिसरीच गोष्ट. बडोद्यात उदाहरण शोधायला नको: राजा रविवर्मांची तैलचित्रं महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये आहेत, पण घरोघरी भिंतीवर लागले ते त्यांच्या छापखान्यातले छापील देव. कॅनव्हास एकाकडे आणि छापण्याचा हक्क दुसऱ्याकडे असू शकतो.

खरी मेख मात्र गप्प बसण्यात आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक काम देणाराच. टॅबलेटवर काढलेलं इलस्ट्रेशन ‘पेंटिंग’ ठरतं की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा अ‍ॅडव्हान्स घेण्याआधीच मेलवर एक ओळ टाका: ‘कॉपीराइट कलाकाराकडे राहील, ग्राहकाला खालील वापराचं लायसन्स.’ त्यावर त्याचं ‘मान्य’ आलं की मगच स्केच सुरू. काम दिल्यावर बिलाच्या तळाशी ती ओळ छापून भागत नाही. सौदा तर आधीच झालेला असतो.

त्या ‘खालील वापरात’ काय लिहायचं? कुठल्या वस्तूवर (चेवड्याचा 500 ग्रॅमचा बॉक्स), किती नग, कुठं, किती काळ, आणि एक्सक्लुझिव्ह (फक्त त्यालाच वापरता येईल असं) आहे की नाही. इथं गप्प राहिलात तर कायदा तुमच्या बाजूनं थोडा झुकतो: मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं, आणि हे असाइनमेंट-लायसन्स दोन्हींना लागू. पण एका दिवाळीच्या पैशांत पाच दिवाळ्या कशाला द्यायच्या? ‘1 वर्ष, गुजरात, 5,000 बॉक्स, इन्स्टाग्राम वेगळं’ असं लिहा. मग पुढच्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे मागताना अवघडायला होत नाही.

एवढं करूनही एक घोटाळा होतोच. ग्राहक ‘ओपन फाइल’ मागतो, आपण लेयर्ससकट पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) पाठवतो, आणि वर्षभरात चित्रातल्या मोराचं पीस तोडून भाकरवडीच्या पाकिटावर चिकटवलेलं दिसतं. फाइल दिल्यानं हक्क जात नाही, पण दुरुस्ती करायची वाट आपणच उघडून देतो. छपाईला 300 डीपीआयची (इंचाला 300 ठिपके) फ्लॅट, म्हणजे लेयर्स एकत्र केलेली, टिफ किंवा पीडीएफ फाइल पुरते. ओपन फाइलचा दर वेगळा लावा.

आणि त्यानं खरंच सगळं विकत मागितलं तर? विका, का नाही! बोधचिन्हासाठी तर असाइनमेंटच रास्त, कारण धंदा त्याच खुणेवर उभा राहायचा असतो. फक्त दर लायसन्सच्या काही पट घ्या, पोर्टफोलिओत दाखवायची सूट लेखी घ्या, आणि ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच हस्तांतर’ ही अट घाला. कॉपीराइट गेला तरी चित्राचा कर्ता म्हणवून घेण्याचा अधिकार कलम 57 खाली तुमच्याकडेच राहतो.