रोपांचा प्रकाशाला विद्युत् प्रतिसाद

अंधारात उगवलेल्या रोपावर प्रकाश पडताच पेशीपटलाच्या विभवात (आतल्या-बाहेरच्या बाजूंमधल्या विद्युत् दाबाच्या फरकात) होणारा क्षणिक बदल. एरवी पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टने ऋण असते. प्रोटॉन बाहेर ढकलणारे पंप आणि आयनांच्या (विद्युत् भार असलेल्या कणांच्या) वाहिन्या हा फरक राखतात.

काकडीच्या पिवळट रोपांवर स्पॉल्डिंग व कॉसग्रोव्ह या संशोधकांनी १९८९ मध्ये केलेले मापन आजही सर्वांत बोलके वाटते. निळा प्रकाश पडल्यावर दांडीची वाढ सुमारे ३० सेकंदांत मंदावू लागते, पण त्याआधीच पेशीची आतली ऋणता जास्तीत जास्त १०० मिलिव्होल्टने कमी होते आणि दोन-तीन मिनिटांत जवळपास पूर्ववत होते. तांबड्या किंवा हिरव्या प्रकाशाने असे काही होत नाही. बदल उजेड पडलेल्या भागातच राहतो, पुढे पसरत नाही; म्हणजे लाजाळूच्या पानातून धावणाऱ्या संकेताहून ही गोष्ट वेगळी. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये यामागे क्रिप्टोक्रोम हा प्रकाशग्राहक दिसतो. त्याच्यामुळे ऋणायनांच्या वाहिन्या उघडतात, क्लोराइडसारखे आयन बाहेर पडतात आणि आतली ऋणता कमी होते. मुगाच्या मुळांच्या टोकांवर मात्र तांबड्या प्रकाशाचा परिणाम जॅफे यांनी १९६८ मध्ये नोंदवला; तिथे काम फायटोक्रोम या दुसऱ्या प्रकाशग्राहकाचे.

मापनासाठी बी भिजवून ओल्या टीपकागदावर पूर्ण काळोखात तीन-चार दिवस वाढवावे. हाताळणी मंद हिरव्या दिव्यात. चांदी–सिल्व्हर क्लोराइडचा एक इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात भिजवलेल्या सुती वातीने दांडीला टेकवावा, दुसरा मुळाजवळच्या पाण्यात ठेवावा. साध्या मल्टीमीटरचा १० मेगओहमचा रोध इथे तोकडा पडतो. हजार मेगओहम किंवा त्याहून जास्त रोधाचा प्रवर्धक (अँप्लिफायर) लागतो. भोवती अर्थिंग केलेला जाळीचा पिंजरा नसेल तर नोंदीवर घरगुती विजेची ५० हर्ट्‌झची दाट नक्षीच उमटते. रेषा स्थिर होईपर्यंत थांबावे, मगच निळा झोत टाकावा. दुसरा झोत लगेच दिला तर प्रतिसाद क्षीण येतो. मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा.

पृष्ठभागावरून घेतलेला आलेख पेशीच्या आतल्या आलेखाच्या उलट दिशेने जातो. खरा घात सिल्व्हर क्लोराइड करते. ते स्वतःच प्रकाशसंवेदी असल्यामुळे इलेक्ट्रोडवर उजेड पडला की रोपाशिवायही विभव हलते. म्हणून इलेक्ट्रोड काळ्या टेपने झाकावा, झोत फक्त दांडीवर पाडावा आणि दर वेळी रोपाच्या जागी ओला दोरा लावून तोच झोत देऊन पाहावा. दोऱ्यावरही तेवढीच उडी दिसली तर ती नोंद टाकून द्यावी.