एंटँगलमेंटनं मेसेज, आणि एका चुकलेल्या पेपरची गोष्ट

परवा धरमपेठेत तर्री-पोहे खाताना मित्र म्हणे, मंगळावर मेसेज जायला कधीकधी वीस मिनिटं लागतात न, मग एंटँगलमेंटनं, म्हणजे दोन कण कितीही दूर असले तरी ज्यांची मोजमापं जुळतात अशा जोडीनं, काहून नाही पाठवत, तिकडे तर सगळं लगेच होते. राजेहो, या प्रश्नात भले भले अडकले आहेत.

सुरुवात 1935 ची. आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी अशा जोड्यांवर पेपर (शोधनिबंध) लिहिला, तक्रार एवढीच की क्वांटम थिअरी, म्हणजे अणू-प्रकाशासारख्या बारक्या गोष्टींचं शास्त्र, अर्धवट आहे, मेसेजबिसेजचा काही संबंध नव्हता. 1964 मध्ये जॉन बेल या फिजिसिस्टनं ती तक्रार तपासता येईल असं गणित दिलं, 1972 मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमननं प्रयोग केला, क्वांटम थिअरी खरी निघाली.

आता समजा मी नागपूरला, मामेभाऊ गोंदियाला, दोघांकडे जोडीतले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण. मी शंभर मोजले, तर माझ्या वहीत छापा-काटा कसाही पडलेला, त्याच्याही वहीत तसाच. त्याला एकट्याला त्यातून काहीच कळत नाही, मी मोजलं की नाही हेही नाही. वह्या जुळतात हे कळायला फोन करावा लागते, आणि फोन प्रकाशापेक्षा जोरात जात नाही.

खरी मजा पुढे आहे. निक हर्बर्ट नावाच्या अमेरिकन फिजिसिस्टनं शक्कल लढवली की मी इकडे मोजायची पद्धत बदलली की तिकडच्या फोटॉनचं पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) त्या पद्धतीचं होते, एका फोटॉनवरून ते ओळखता येत नाही, पण लेझरनं त्याच्या ढीगभर कॉप्या काढल्या तर येईल, मग झाला की मेसेज! पेपर तपासायला दिला तर जियानकार्लो गिरार्दीनं कॉपी का निघू शकत नाही हे लिहून नाकारला, आणि आशर पेरेसनं, हे मला लई आवडते, चूक आहे हे माहीत असून छापा म्हटलं, कारण चूक शोधताना काहीतरी नवीन हाती लागेल.

1982 मध्ये तो छापूनही आला. त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि वेगळ्यानं डीक्स यांनी दाखवलं की अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब कॉपी निघतच नाही. म्हणजे हर्बर्टचा लेझर बाद.

पण कॉपी निघत नाही म्हटल्यावर ती चोरालाही काढता येत नाही न, त्याच जोरावर 1984 मध्ये बेनेट आणि ब्रासार यांची, मेसेज कुलूपबंद करायची गुप्त चावी आली, आणि तीही चावी जुळवायला साधा फोन लागतेच.