फ्लोरिनमुक्त फोम : विमानतळांवरचा बदल कुठे अडला होता

इंधनावर पाण्याचा पातळ पडदा पसरवून आग विझवणारा फ्लोरिनयुक्त फोम अमेरिकी नौदलाने १९६०च्या दशकात आणला. १९६७ साली ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवरच्या आगीत १३४ जण मेले आणि त्यानंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला. पुढे अमेरिकेतल्या नागरी विमानतळांनाही या फोमचा लष्करी निकष लागला. २०००मध्ये मुख्य उत्पादकाने पीएफओएस (फोममधलं, विघटन न होणारं फ्लोरिनयुक्त रसायन) बंद करत असल्याचं जाहीर केलं. इतर उत्पादक यथावकाश आखूड, सहा कार्बनांच्या साखळीच्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर आले. पण आखूड साखळी भूजलात जास्त सहज वाहते, कार्बन फिल्टरमध्ये कमी अडकते आणि तिचंही विघटन होत नाही. तो उपाय म्हणायलाच नको होता.

खरं घोडं अडलं चाचणीत. लष्करी निकषानुसार २८ चौरस फूट पेट्रोलची आग ३० सेकंदांत विझायला हवी होती. विमानात मात्र जेट इंधन असतं. त्याचा ज्वलनांक (ठिणगी लागताच वाफ पेटू शकते ते किमान तापमान) ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर पेट्रोलचा शून्याच्या कितीतरी खाली. आंतरराष्ट्रीय नागरी चाचणी केरोसिनवरच होते: ‘बी’ स्तराला ४.५ चौरस मीटरची आग ६० सेकंदांत विझवायची. ती पार करणारा फ्लोरिनमुक्त फोम ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या विमानतळांनी २०१०पासूनच घेतला. अमेरिकेत २०१८च्या कायद्याने फ्लोरिनची सक्ती उठवायला तीन वर्षं दिली. ऑक्टोबर २०२१मध्ये मुदत संपली, पण पेट्रोलची चाचणी पार करणारा एकही फ्लोरिनमुक्त फोम नव्हता. म्हणजे सवलत कागदावरच राहिली. फ्लोरिनमुक्त फोमसाठी नवा लष्करी निकष जानेवारी २०२३मध्ये आला, पहिलं उत्पादन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पात्र ठरलं. त्याआधी बंबाची चाचणी म्हणून फोम जमिनीवर फवारणंही सुरूच होतं. फोम बाहेर न सोडता मिश्रण तपासायची मुभा मिळाली ती २०१९मध्ये.

आता अडचण बंबांची आहे. नव्या फोमचा पडदा बनत नाही, बुडबुड्यांचा थरच आग दाबतो. झोत थेट इंधनात घुसवला तर फोम इंधन ओढून घेतो आणि थर पेटतो, म्हणून तो वरून पावसासारखा पाडावा लागतो. कॉन्सन्ट्रेट (पाण्यात मिसळायचा मूळ फोमद्रव) दाट असल्याने मिश्रणयंत्र पुन्हा जुळवावं लागतं, नाहीतर ३ टक्क्यांऐवजी भलतंच प्रमाण पडतं. टाकी नुसत्या पाण्याने धुतली तर भिंतींना चिकटलेला जुना थर नंतर हळूहळू नव्या फोममध्ये उतरतो. त्यामुळे पाइप, व्हॉल्व्ह, पंपासकट सगळं अनेकदा धुऊन ते पाणी घातक कचरा म्हणून गोळा करावं लागतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे फ्लोरिनमुक्त फोमही एका टाकीत मिसळू नयेत.